एका रात्रीत हरवलेली दृष्टी

सकाळी पेढीवर खातेवही उघडावी आणि पानाचा खालचा भाग राखाडी पडद्याआड गेलेला दिसावा; डोळ्यात ना वेदना, ना लाली. एक डोळा झाकून पाहिल्यावर कळते की दोष एकाच डोळ्यात आहे. ‘चष्म्याचा नंबर बदलला असेल, मोतीबिंदू असेल’ असे म्हणत घरोघरी आठवडा जातो. मोतीबिंदू एका रात्रीत येत नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

दृष्टीची नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, ही सुमारे १० ते १२ लाख तंतूंची जुडी होय. तिच्या डोळ्यातील टोकाला बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. तो पुरवठा घटला की नस सुजते व दृष्टी जाते. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणारे घोरणे आणि जन्मतःच दाटीवाटीचे असलेले नसेचे टोक ही त्यामागील नेहमीची कारणे होत.

परंतु पन्नाशीपुढील व्यक्तीला सोबत कानशिलाची डोकेदुखी, केस विंचरताना हुळहुळ, घास चावताना जबड्यात कळ असेल, तर तो रक्तवाहिन्यांच्या दाहाचा वेगळा विकार असू शकतो. आपल्याकडे तो विरळ. म्हणूनच नजरेतून निसटतो. त्यात दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. ईएसआर व सीआरपी या रक्तचाचण्या तातडीने होतात. तपासणीसाठी तुकडा काढण्याची वाट न पाहता स्टिरॉइड सुरू करावे लागते. येथे प्रश्न तासांचा असतो.

पहिल्या प्रकारावर खात्रीचा उपचार आजही नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नसेभोवतीचे आवरण उघडण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील मोठ्या चाचणीत निष्फळ, किंबहुना अपायकारक ठरली. १९९५ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याच चाचणीत शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्णांना सहा महिन्यांनी तक्त्यावरील तीन वा अधिक ओळी पूर्वीपेक्षा जास्त वाचता आल्या.

पंजाबात जन्मलेले व पुढे आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. सोहनसिंग हेरे यांनी रात्री उतरणाऱ्या रक्तदाबाकडे लक्ष वेधले. त्यांचे मत सर्वमान्य नाही, तरी विचारात घ्यावे असे आहे. रक्तदाबाची गोळी झोपताना घेत असाल, तर ती मनाने बंद करू नये. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. पर्युषणात उपवास करणार असाल, तर त्या दिवसांतील गोळीचे प्रमाणही आधीच ठरवून घ्यावे.