पूरक कशास म्हणावे?

या सदरात आपण शब्दांविषयी बोलतो. दिवाळीसाठी निवडलेला शब्द आहे 'पूरक', आणि तो थेट जेवणघरातून उचललेला आहे.

व्याकरणात 'विधानपूरक' म्हणून एक गरीब प्राणी असतो. 'राम झाला' एवढेच म्हटले, तर ऐकणारा आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. काय झाला? 'राम राजा झाला' म्हटले की त्याचे समाधान होते. हा 'राजा' म्हणजे विधानपूरक. पण 'राम जेवला' या वाक्यात काहीच उणे नाही. तेथे हा राजा नेऊन बसवलात, तर वाक्याचे भले होत नाही. जेथे उणीव, तेथेच पूरक. वर्गात हा नियम मुलांना लवकर पटतो. घरात मात्र तो मोठ्यांनाही पटत नाही.

रात्रीची जेवणे आटोपली, ओटा पुसून झाला, की हल्ली घरोघरी एक जुना बिस्किटांचा डबा बाहेर येतो. त्यात कॅल्शियम असते, लोह असते, ब-12 असते, ड जीवनसत्त्वाची पुडी असते, पुण्याच्या चिरंजीवांनी पाठवलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल असतात. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्यातच. मग प्रसादासारखे वाटप होते. 'शक्तीचीच तर आहे, घ्या एक!' या आग्रहाला जिलबीच्या आग्रहाची गोडी असते; परिणाम मात्र नेहमीच गोड नसतो.

आमच्या ओळखीच्या एका आजींची गोष्ट सांगतो. त्यांना ड जीवनसत्त्वाची 60,000 एककांची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितली होती. घरी आल्यावर खोके केरात गेले, कागद फायलीत गेला आणि पुड्या डब्यात गेल्या. डब्यातले सारे रोजचे, म्हणून पुडीही रोजची झाली. दोन-अडीच महिन्यांत आजींची अन्नावरची वासना गेली. ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, आणि मग बोलण्यात विसंगती. घरच्यांनी म्हटले, वय झाले. रक्त तपासले तेव्हा कॅल्शियम भलतेच चढलेले निघाले. आजी वाचल्या, पण मूत्रपिंडांवर ताण येऊन रुग्णालयात राहावे लागले. आता हिशेब पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज 600 एकके पुरतात. म्हणजे एका पुडीत 100 दिवसांची बेगमी! 'रोज' आणि 'आठवड्यातून' या दोन शब्दांतले अंतर इतके महाग पडू शकते.

म्हणून पहिला नियम असा, की खोके टाकू नये. गोळी तिच्या मूळ पट्टीत आणि मूळ वेष्टनातच ठेवावी, आणि वर ठळक अक्षरांत 'कोणाची, किती, केव्हा' हे मराठीत लिहावे.

ठेवण्याच्या बाबतीत जालनेकरांना खरे तर कोणी शिकवायला नको. हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये येथे बियाण्यांची कंपनी काढली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याची पिशवी घेताना आमचा शेतकरी तिच्यावरचा लॉट क्रमांक पाहतो, उगवणीचा टक्का पाहतो, मुदत पाहतो. ओल लागलेले बी पेरण्यात अर्थ नाही, हे त्याला ठाऊक असते. मग तोच गृहस्थ गोळ्यांची बाटली चुलीशेजारच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीत का ठेवतो? बहुतेक वेष्टनांवर '25 किंवा 30 अंशांखाली, कोरड्या जागी' असे छापलेले असते, आणि वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. तेव्हा आतल्या खोलीतले, जमिनीलगतचे, उजेड न पोचणारे कपाट उत्तम. न्हाणीघर नको. फ्रीजही नको, वेष्टनावर तसे लिहिले असेल तरच. कारण बाटली आत-बाहेर केली की तिला घाम सुटतो आणि गोळ्या सादळतात. बाटलीतली ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नये आणि खाऊही नये.

गृहिणींना तर चकली सादळली हे हातात घेताच कळते, आणि शेव खवट झाली हे वासावरून. तीच पारख येथेही चालवावी. माशाच्या तेलाला उग्र खवट वास आला, गोळीचा रंग बदलला, ती भुगा झाली, मुदत उलटली, की मोह सोडावा. आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा कुलपात ठेवावा. लोहाची लाल गोळी लहानग्याला लिमलेटसारखी दिसते. अशा मूठभर गोळ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात.

आता वेळ. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास तरी दूर ठेवावे. म्हणून त्यांना संध्याकाळ सोयीची. पण लोह आणि कॅल्शियम ही एकमेकांच्या वाटेत येणारी मंडळी. एक दुपारच्या जेवणाबरोबर, दुसरे रात्री, असे त्यांना वेगळे बसवावे. लोहाच्या आगेमागे चहा नको, हळदीचे दूधही नको. लिंबू पिळलेले पाणी किंवा आपली जालन्याची मोसंबी चालेल; त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. ड जीवनसत्त्व वरण-भात-तुपाच्या जेवणाबरोबर घ्यावे, कारण ते स्निग्धात विरघळते. घेतल्याची खूण भिंतीवरच्या कालनिर्णयात करावी. दुधाचा हिशेब मांडायला तेथे चौकट मिळते, तशी गोळीलाही मिळेल. आणि हे काम घरातल्या एकाच माणसाकडे असावे. दोघांनी आठवण केली की गोळी दोनदा जाते.

याचा अर्थ पूरके वाईट असा कोणी काढू नये. शाळेतल्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी, गरोदर बाईची रोजची लाल गोळी, निव्वळ शाकाहारी माणसाचे ब-12, ही खऱ्या उणिवेची पूरके आहेत. ती कंटाळा करून टाळणे हाही अपराधच. पण उणीव आहे की नाही हे डॉक्टरांनी तपासून सांगावे. शेजारणीने किंवा जाहिरातीने नव्हे.

गंमत अशी, की कायदाही आमच्या व्याकरणाच्याच बाजूचा आहे. अन्नपूरकांसाठी 2016 मध्ये झालेल्या नियमांनुसार, हे विविध आहाराला पर्याय म्हणून वापरू नये आणि सांगितलेल्या प्रमाणाबाहेर घेऊ नये, असे वेष्टनावर लिहावे लागते. अक्षर बारीक असते एवढेच. या दिवाळीत डबे घासायला निघतील, तेव्हा हाही डबा उपडा करा, चष्मा लावा आणि ते बारीक अक्षर एकदा मोठ्याने वाचा. मग ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण आणि वाटीभर दही असे जेवून उठा. 'राम जेवला' हे वाक्य पुरे असते.