ओसरीवरचा कापूसबाजार



सीतादही झाली, पहिली वेचणी घरात आली, की कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक घरात एकच वाद सुरू होतो. विकावा की ठेवावा? घरधनी म्हणतो, ठेवू, भाव चढेल. घरधनीण म्हणते, आधी दुकानाची उधारी भागवा. आणि खाटेवरचे आजोबा म्हणतात, आमच्या वेळी ही कटकट नव्हती.

आजोबांचे म्हणणे खोटे नाही. १९७२ साली आपल्या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा आणि तिथे ठरेल तो भाव घ्यायचा, असा तो कारभार होता. पुढे २००२ च्या सुमारास बाजार मोकळा झाला आणि विकावे कधी हा प्रश्न आपल्या गळ्यात आला. पण तो सोडवायचा कसा, हे आपल्याला कोणी शिकवले नाही.

मीच माझी गोष्ट सांगतो. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, हे तुम्हाला आठवत असेल. मी तेव्हा आधीच विकून बसलो होतो. त्याची चुटपुट अशी लागली, की पुढच्या हंगामात दिवाळीनंतर नऊ हजारांच्या आसपास मागणी आली तरी मी मान हलवली. अठरा क्विंटल कापूस मागच्या खोलीत कोंबला. पोरांच्या अंगाला खाज सुटली, उंदरांनी घर केले, आणि २०२३ च्या जून महिन्यात पेरणीला पैसा हवा म्हणून तोच कापूस सात हजारांच्या आत द्यावा लागला. वजन घटले ते वेगळेच. घरात कोणी काही बोलले नाही. पण न बोललेलेच जास्त लागते.

त्यानंतर मुंबईला पुतण्याकडे गेलो होतो. तो कॉटन ग्रीन स्टेशनजवळ राहतो. रात्री जेवणे झाली की तो कॉम्प्युटरवर शेअर घेण्या-विकण्याचा एक खेळ खेळत बसे. पडद्यावर दहा कंपन्यांचे भाव आणि हाती खोटे पैसे. शेअर घ्या, विका किंवा गप्प बसा. तिन्हीतले एक करून कळ दाबली की आठवडा पुढे सरकतो, एक बातमी येते आणि भाव हलतात. बुद्धिबळासारखेच ते. तुमची खेळी झाल्यावाचून बाजाराची खेळी होत नाही, म्हणून विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो.

मीही बसलो. जो भाव चढताना दिसला तो घेतला, पडताना दिसला तो विकला. अर्ध्या तासात माझे पैसे निम्मे झाले. पुतण्या हसून म्हणाला, "काका, तुम्ही कालच्या भावावर खेळता. भाव तर उद्या ठरणार असतो." मला तत्काळ मागची खोली आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला कॉटन ग्रीनची कापूस बाजाराची जुनी इमारत दाखवली. या ठिकाणाचे नाव ऐकून तिथे हिरवळ असेल असे मला वाटले होते. ग्रीन म्हणजे मोकळे मैदान. इंग्रजी अमदानीत फोर्टमधल्या अशाच एका मैदानावर कापसाच्या गाठींचे ढीग पडत. पुढे १८४४ च्या सुमारास तो बाजार कुलाब्याला गेला आणि १९२० नंतरच्या दशकात समुद्र हटवून केलेल्या शिवडीच्या जमिनीवर आला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस रेल्वेने इथल्या गोदामांत उतरायचा. काही परळ-लालबागच्या गिरण्यांत जायचा, काही बोटीने परदेशी. आपण बोंड वेचतो क्विंटलावर, आणि तिथे सौदा होतो खंडीवर. एक खंडी म्हणजे ३५६ किलो रुई, आणि एक गाठ म्हणजे १७० किलो.

या मुंबईने कापसापायी एकदा वेडही पाहिले आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि लोक समुद्र हटवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांवर उड्या मारू लागले. १८६५ साली युद्ध संपल्याची बातमी आली, भाव कोसळला आणि बड्या बड्या पेढ्या बुडाल्या. त्यांचाही हिशेब कालच्या भावावरच होता.

असो. कॉम्प्युटर सगळ्यांच्या घरी नसतो, पण ओसरी असते. म्हणून पुतण्याच्या खेळावरून मी एक कापसाचा खेळ बसवला. आमच्या घरी तो आता रात्री रंगतो. तुम्हीही खेळून पाहा.

सामान काय लागते

मूठभर चिंचोके, एक पाटी, कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक तांब्या. चिठ्ठ्यांसाठी मडके घेऊ नका; का ते शेवटी सांगतो. खेळणारे चार-पाच जण हवेत. हिशेबाला पक्के असलेले एक माणूस "बाजार" होऊन बसेल. आमच्याकडे हा मान सूनबाईंचा आहे.

एक चिंचोका म्हणजे एक क्विंटल. प्रत्येकाला वीस चिंचोके आणि सहा हजार रुपयांच्या कागदी नोटा द्या. पाटीवर भाव लिहा. हिशेब सोपा जावा म्हणून मी ७,००० धरतो. तुम्ही तुमच्या बाजारातला आजचा भाव लिहा.

तांब्यातल्या चिठ्ठ्यांवर बातम्या लिहा. अमेरिकेत दुष्काळ, ३०० चढ. बोंडअळीने पीक घटले, ३०० चढ. सरकीला तेजी, २०० चढ. चीनची खरेदी वाढली, ४०० चढ. परदेशी कापसावरची जकात उठली, ४०० उतार. सूतगिरण्यांनी खरेदी थांबवली, ३०० उतार. बाजारात आवक फार झाली, ३०० उतार. चीनने हात आखडला, ४०० उतार. दोन चिठ्ठ्या कोऱ्या ठेवा, कारण पुष्कळदा बाजारात काहीच घडत नाही. या बातम्या हवेतल्या नाहीत. परदेशी कापसावर ११ टक्के जकात होती, ती सरकारने २०२२ साली काही महिने उठवली आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत पुन्हा उठवली.

खेळ कसा चालतो

एक पाळी म्हणजे एक पंधरवडा. दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अशा बारा पाळ्या होतात. प्रत्येक पाळीत क्रमाने चार गोष्टी करायच्या.

१. प्रत्येकाने आपल्या कागदावर गुपचूप लिहावे: किती विकतो, किती घेतो, की थांबतो. नंतर सगळ्यांनी एकदमच कागद उघडावेत. ही अट मोडू नका. शेजारी विकतो म्हणून आपण विकायचे, ही खोड या अटीने मोडते.

२. पाटीवरच्या भावाने बाजाराशी देणेघेणे करावे.

३. प्रत्येकाने घरखर्चाचे ३,००० रुपये बाजाराला द्यावेत. जवळ पैसे नसतील तर बाजाराकडून १०,००० उसने मिळतील, पण ते फिटेपर्यंत पुढच्या दर पाळीला २०० रुपये व्याज पडेल.

४. बाजाराने तांब्यातून एक चिठ्ठी काढून मोठ्याने वाचावी, पाटीवरचा भाव बदलावा आणि चिठ्ठी परत तांब्यात टाकावी.

शिवाय दर पाचव्या पाळीला ज्याच्याकडे दहा किंवा जास्त चिंचोके असतील, त्याचा एक चिंचोका बाजार उचलून घेईल. ही वाळवण आणि उंदरांची घट. बाराव्या पाळीला उरलेला सगळा कापूस विकून टाकावा, कर्ज फेडावे आणि पैसे मोजावेत.

आमच्या घरच्या एका डावाचा हिशेब देतो. पहिल्या सहा पाळ्यांचे भाव असे निघाले: ७,०००, ७,३००, ७,६००, ७,२००, ६,९००, ६,५००. थोरल्याने पहिल्याच पाळीला वीसही क्विंटल विकले, १,४०,००० झाले. धाकट्याने भाव चढतोय म्हणून काहीच विकले नाही. तिसऱ्या पाळीला दहा हजार उसने घेतले, पाचव्या पाळीला एक क्विंटल घटला, आणि सहाव्या पाळीला धीर सुटून त्याने राहिलेले एकोणीस क्विंटल ६,५०० ने विकले. १,२३,५०० आले, त्यातून ६०० व्याज गेले. सौभाग्यवतींनी पहिल्या चार पाळ्यांना पाच-पाच क्विंटल विकले होते. त्यांचे झाले १,४५,५००. धाकट्यापेक्षा २२,६०० जास्त!

म्हणजे थांबणारा नेहमीच फसतो का? नाही. एका डावात चढाच्या चिठ्ठ्या लागोपाठ निघाल्या आणि धाकटा सगळ्यांच्या पुढे गेला. म्हणून एकच डाव खेळून शहाणे होऊ नका. दहा डाव खेळा आणि वही ठेवा. तुम्हाला एक गोष्ट दिसेल. टप्प्याटप्प्याने विकणाऱ्याला सर्वात वरचा भाव सगळ्या मालाला कधी मिळत नाही, पण सर्वात खालचाही त्याच्या वाट्याला सगळ्या मालावर येत नाही. ज्याला जूनमध्ये बियाणे घ्यायचे आहे, त्याच्यासाठी पहिले येण्यापेक्षा शेवटचे न येणे महत्त्वाचे.

वायदा म्हणजे काय

खेळ अंगवळणी पडला की त्यात वायदा घाला. समजा, पहिल्या पाळीला तुम्ही समोरच्याशी ठरवले: सातव्या पाळीचे दहा क्विंटल मी ७,१०० ने दिले. तुम्ही मंदीवाले, तो तेजीवाला. दोघांनीही सौद्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ७,१०० रुपये, अनामत म्हणून बाजाराकडे ठेवावेत. जवळ नसतील तर आधी थोडा कापूस विकून उभे करावेत.

सातव्या पाळीला हजर भाव ६,५०० निघाला, तर तेजीवाला तुम्हाला क्विंटलमागे ६०० देईल आणि तुमचा कापूस बाजारात ६,५०० ने जाईल. एकूण ७,१००. भाव ७,८०० निघाला, तर तुम्ही त्याला ७०० द्याल, पण कापूस ७,८०० ने विकाल. एकूण पुन्हा ७,१००. म्हणजे भाव कुठेही गेला तरी तुमचा दर बांधला गेला. मोठ्या बाजारात वायदा याच हिशेबाने चालतो.

पण हाच सौदा ज्याच्याकडे एकही चिंचोका नाही त्याने केला तर? भाव ७,८०० झाला की त्याचे सात हजार गेले आणि भरून काढायला घरात कापूस नाही. ज्याच्या घरात माल आहे त्याला वायदा ही छत्री आहे. ज्याच्या घरात माल नाही त्याला तो जुगार आहे.

आता मडक्याचे. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावांवर आकडा लावत. तारेने भाव यायचा आणि गल्लीबोळांत पैसा फिरायचा. १९६० नंतर लवकरच ते आकडे येणे थांबले, पण जुगार थांबला नाही. लोकांनी मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडे काढायला सुरुवात केली, आणि मटका जन्मला. कापूस निघून गेला आणि नुसता आकडा उरला. त्या मटक्याने किती संसार धुतले, हे गिरणगावाला विचारा.

आज तो आकडा तरुण पोरांच्या मोबाईलमध्ये शिरला आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ साली हिशेब मांडला. आधीच्या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे-ऑप्शनच्या व्यवहारांत उतरलेल्या सामान्य माणसांपैकी शंभरातले त्र्याण्णव तोट्यात गेले होते. म्हणून घरातला मुलगा म्हणाला की खोट्या पैशांच्या खेळात मी जिंकतो, आता खऱ्या पैशांनी खेळतो, तर त्याला रागावू नका. त्याला ओसरीवर बसवा, वीसऐवजी शून्य चिंचोके द्या आणि दहा डाव वायदा खेळू द्या. जे शिकायचे ते तो तिथेच शिकेल.

शेवटी एक सूचना. खेळात हमीभाव नाही, पण खऱ्या बाजारात आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये ठरले. व्यापारी त्याखाली मागत असेल तर आधी खरेदी केंद्राची चौकशी करा, आणि कापूस वाळवूनच न्या, कारण १२ टक्क्यांहून जास्त ओल असली की केंद्रावर तो घेत नाहीत.

माझ्या मागच्या खोलीत यंदा कापूस नाही. तिथे पोरे अभ्यासाला बसतात. यंदाचा माल चार हप्त्यांत द्यायचा, असे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले आहे, आणि कोणत्या पंधरवड्यात किती द्यायचा ते सूनबाईंनी पाटीवर लिहून ठेवले आहे. तुमच्या घरची पाटी काय सांगते, ते अवश्य कळवा.