पंचनाम्यात एसी-पंपही लिहा, आणि तपासणीआधी वीज सोडू नका



वादळ किंवा पूर ओसरला की तलाठी, ग्रामसेवक पंचनाम्याला येतात. भिंत किती पडली, कौले किती उडाली, हे लिहून घेतात. घरातल्या सामानासाठी मात्र ‘कपडे आणि भांडी’ एवढीच जागा. केंद्राच्या 2022च्या निकषांत या दोन्हींसाठी कुटुंबामागे अडीच-अडीच हजार रुपये आहेत. भिजलेला एसी, फ्रिज, गिझर, विहिरीवरचा पंप यांचा कागदावर पत्ता नसतो. यात तलाठ्याचा दोष नाही. त्याच्या हातातला नमुनाच तसा आहे. तो बदलावा, ही माझी मागणी आहे. त्याहून तातडीची मागणी दुसरी आहे: भिजलेल्या घरात तपासणी झाल्याशिवाय वीज सोडू नये.

3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या हरिहरेश्वर-श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात पत्रे उडाले आणि पाऊस थेट खोल्यांत कोसळला. खांब आडवे झाल्यामुळे गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात होती. तो अंधार सर्वांनी सोसला; पण यंत्रे उघडून, धुऊन, वाळवायला तेवढाच वेळ हाताशीही होता. हे सांगायला मात्र गावात कोणी फिरकले नाही. वीज आली तशी घरोघर बटणे दाबली गेली. चालतेय की नाही हे बघण्याची घाई कोणाला नसते? जे यंत्र पाण्याने गेले नव्हते, ते त्या घाईने गेले.

एसीचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, त्यात सहसा पाणी शिरत नाही. भिजतात ती टर्मिनले, पंख्याची मोटर, कपॅसिटर आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड. ओल आणि मीठ असलेल्या बोर्डात वीज गेली की ती नको त्या वाटेने धावते आणि बोर्ड क्षणात जळतो. आमच्याकडे पाण्यासोबत खारा वाराही असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळ्या आणि तांब्याच्या नळ्या तो नंतरही महिनोन्‌महिने खात राहतो. म्हणून मेन स्विच बंद ठेवून बाहेरचे युनिट आधी गोड्या पाण्याने धुवावे लागते, मग पुरते वाळवावे लागते. तेही जाणकाराने, कारण इन्व्हर्टर एसीच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही वेळ भार शिल्लक असतो. साठवणीच्या गिझरची गोष्ट वेगळी. त्याच्या आवरणातले अस्तर एकदा भिजले की आतल्या आत ओलेच राहते. तो बदलणेच बरे. आणि भिजलेला गॅस गिझर तर कोणीही पेटवून पाहू नये. यंत्र जळले तर पैसे जातात, पण ओल्या भिंतीतून प्रवाह उतरला तर माणूस जातो.

22 जुलै 2021 रोजी महाड बुडवणारी सावित्री आमच्याच बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाडच्या बाजारपेठेत गाळ साचला, घरेही चिखलाने भरली. त्या वर्षी शासनाने दुकानदारांना जास्तीत जास्त पन्नास हजारांपर्यंत मदत जाहीर केली, ती रास्तच होती. पण ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशी पाटी लावून दोन-तीन खोल्या भाड्याने देणारे आमच्यासारखे लोक त्या हिशेबात दुकानदार नसतात. आमची जागा घर म्हणून मोजली जाते, आणि मग पुन्हा कपडे नि भांडी.

काही जण म्हणतील, ज्याचे घर पडले त्याला आधी द्या, एसीवाल्याला कशाला? ज्याचे घर पडले त्याला आधी मिळालेच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण मे महिन्यात एसी नसलेली खोली घ्यायला पर्यटक नाखूश असतो. तो एसी बहुतेकांनी कर्जाने घेतलेला असतो. खोली बंद पडली तरी हप्ता थांबत नाही. वाणसामान भिजले तर ती नुकसानी धरली जाते आणि हा एसी चैन ठरतो, हा कुठला न्याय?

तपासणीला माणसे कुठून आणायची, असे विचारले जाईल. केरळने 2018च्या महापुरानंतर आयटीआयच्या विद्यार्थ्यांची ‘नैपुण्य कर्मसेना’ उभी केली. त्या मुलांनी पूरग्रस्त घरांत जाऊन वायरिंग, प्लंबिंग, घरगुती उपकरणे दुरुस्त केली. आपल्याकडेही आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, वायरमन शिकवले जातात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाने मे महिन्यातच अशी पथके नेमून ठेवावीत. ज्या घराला पाणी लागले त्याचा मेन स्विच पथकाच्या दाखल्यानंतरच चालू व्हावा, आणि त्याच दाखल्यावर भिजलेल्या यंत्रांची यादी, फोटो नि कंपनीचा क्रमांक असावा. पंचनाम्याला तीच यादी जोडता येईल.

विम्यालाही तिचा उपयोग होईल. 1 एप्रिल 2021पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर आणि वादळ धरलेले आहे. इमारतीचा विमा घेतला की तिच्या विमा रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख रुपये, घरातल्या सर्वसाधारण सामानाला आपोआप संरक्षण मिळते. खोल्यांसाठी कर्ज देणाऱ्या बँकांनी ही माहिती कर्जदाराला तोंडी समजावून द्यावी. खोल्या भाड्याने जात असतील तर ते विमा घेतानाच लेखी कळवावे, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद उरणार नाही.

पावसाळ्याआधीच्या आढावा बैठकीत पथके आणि पंचनाम्याचा नवा नमुना हे दोन विषय घ्यावेत, ही जिल्हाधिकाऱ्यांना विनंती.

– घरगुती निवास व्यवस्था चालवणारी एक वाचक,
हरिहरेश्वर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड