परसबाग शहरातही हवी

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. पोट भरण्याची सोय त्यातून होते, पोषणाची मात्र अर्धीच राहते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढाला रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या लागतात. हातावर पोट असलेल्या घरात महागाईची पहिली कात्री भाजीलाच लागते. मुस्लिम कुटुंबांचा मोठा हिस्सा नियमित पगाराऐवजी लहानसहान स्वयंरोजगारावर जगतो, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले आहे.

ग्रामीण भागात राज्याच्या ‘उमेद’ जीवनोन्नती अभियानाने २०२० मध्ये बचत गटांमार्फत पोषण परसबागांची मोहीम राबवली. परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या तालुक्याच्या गावी मात्र दाट मुस्लिम मोहल्ल्यांत घरामागे परसच नसतो. तेथे नगरपरिषदेची मोकळी जागा किंवा उर्दू शाळेचे आवार सामाईक बागेसाठी वापरता येईल. मेथी, पालक महिनाभरात हाती येतात. शेवगा एकदा रुजला की वर्षानुवर्षे शेंगा आणि पाला देतो.

खरी अडचण पाणी आणि जागेच्या हक्काची आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाग जगवायची तर पाण्याची तजवीज आधी हवी. जागा किमान काही वर्षांच्या लेखी कराराने महिला बचत गटांकडे द्यावी. रोपे आणि सल्ल्यासाठी परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळच आहे. बाग रेशनला पर्याय नाही. तिने रेशनच्या धान्याला भाजीची जोड द्यावी.