मैदानावर ‘थांबा’ म्हणायचा हक्क कुणाला?



गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या मैदानावर आम्ही छोट्या विमानांची आंतरशालेय स्पर्धा भरवली होती. बालसा लाकडाची, रबराच्या ताणाने सोडायची ग्लायडर्स. पाहुणे येऊन बसले होते, कार्यक्रमाला उशीर झाला होता. शेवटच्या फेरीआधी सातवीतली एक मुलगी कडेवरून ओरडली, “सर, थांबा, तिकडं बारकी पोरं आलीत!” मी ऐकलं, पण थांबलो नाही. हात खाली केला, ग्लायडर सुटलं, वाऱ्यानं वळलं आणि पहिलीतल्या एका मुलाच्या भुवईवर लागलं. दोन टाके पडले. डोळा वाचला, तो नशिबानं.

त्या मुलीला कुणीच काही विचारलं नाही. बक्षीस समारंभ मात्र वेळेवर पार पडला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. हौसेनं खरी विमानं उडवणारी माणसं एकत्र येतात, तेव्हा हे कसं सांभाळतात? त्यांच्याकडे तर लाकडाच्या काड्या नसतात, माणूस बसलेलं यंत्र असतं. त्यांच्या मेळाव्यांत बहुतेक कामं पगारी माणसं करत नाहीत, स्वयंसेवक करतात.

ग्लायडिंगचंच घ्या. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर पुण्यात अनेकांना माहीत आहे. ग्लायडरला इंजिन नसतं. पोटाखाली मुख्य चाक एकच, त्यामुळे उभं असताना ते एका पंखावर कलंडलेलं असतं. म्हणजे उडायच्या आधी कुणीतरी पंखाचं टोक हातात धरून ते समतोल करायचं आणि ग्लायडर पुढे सरकलं की त्याच्याबरोबर चार पावलं पळायचं. दुसऱ्यानं केबल जोडायची. तिसऱ्यानं आकाशात आणि मागेपुढे कुणी नाही ना, हे बघून इशारा द्यायचा. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंचवर बसलेला माणूस त्या इशाऱ्यावर केबल ओढतो आणि मिनिटभरात ग्लायडर हजारेक फुटांवर जातं. एकजण आकाशात, बाकीचे खाली. मग पाळी बदलते: आत्ता जो उडाला तो उतरून दुसऱ्याचा पंख धरतो.

आणि यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला नियम असा: मैदानावरच्या कुणालाही, अगदी पहिल्या दिवशी आलेल्या शिकाऊ पोरालाही, धोका दिसला तर ‘स्टॉप’ म्हणता येतं. त्यानं ओरडलं की उड्डाण थांबतं. कारण नंतर विचारायचं. ओरडणारा चुकला असेल तरी त्याला कुणी रागवायचं नाही, कारण एकदा रागावलं की पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

हे वाचताना मला हसू आलं, कारण आपण आळंदीकर हे लहानपणापासून बघत आलोय. माउलींच्या पालखी सोहळ्यात रात्री मुक्कामाला समाजआरतीसाठी दिंड्या जमतात. चोपदार चोप उंचावतात, टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, काय झालं ते ऐकून घेतात, मग पुढचं काम चालतं. इतक्या दिंड्या, प्रत्येकीचा फडकरी वेगळा, शिस्त वेगळी; तरी एकीच्या टाळासाठी सगळा समाज खोळंबतो. वारीचं व्यवस्थापन म्हणून आपण भाषणं खूप करतो, पण ही गोष्ट शाळेत कधी आणली?

पालकसभेत मी हे बोललो तर चाकणच्या एका गाडी कारखान्यात काम करणारे एक पालक म्हणाले, “सर, आमच्याकडं दोरी ओढली की दिवा लागतो. काम नीट झालं नाही तर लाइन थांबते. नवीन पोरगा असला तरी ओढू शकतो.” म्हणजे बाप कारखान्यात दोरी ओढू शकतो, आजोबा वारीत टाळ वाजवत ठेवू शकतात, आणि त्याच घरातल्या मुलीचं ओरडणं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता स्पर्धेबद्दल. माझं मत काहींना आवडणार नाही, पण छोट्या विमानांच्या स्पर्धा आपण निदान दोन वर्षं बंद कराव्यात आणि त्याऐवजी शाळाशाळांनी मिळून मेळावा भरवावा. स्पर्धेत काय होतं, तुम्हीही पाहिलंय. ग्लायडर वडील करतात, मुलगा फक्त सोडतो. त्या दिवशी एका संघाचं रबर तुटलं आणि शेजारच्या संघाकडे जास्तीचं असूनही त्यांनी दिलं नाही. “बाईंनी देऊ नका म्हटलंय,” असं पोरानं सरळ सांगितलं. त्याचा काय दोष?

इथे जे. आर. डी. टाटांची गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. १९२९ साली मुंबईत विमान चालवण्याचा भारतातला पहिला परवाना त्यांना मिळाला, हे आपण सांगतोच. त्याच्या पुढच्या वर्षीचं सहसा सांगत नाही. १९३० साली आगाखानांनी भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्यानं विमान नेणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस ठेवलं होतं. जेआरडी इकडून निघाले, अस्पी इंजिनियर तिकडून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडले होते, कारण त्यांच्याकडे जादा स्पार्क प्लग नव्हता. जेआरडींनी आपल्याजवळचा दिला. बक्षीस अस्पींना मिळालं, थोड्या वेळाच्या फरकानं. हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलानं विचारलं, “मग टाटा हरले ना?” मी म्हटलं, हो, हरले.

जवळच मावळात कामशेतला पॅराग्लायडिंग चालतं. एकाच डोंगरावरून वेगवेगळ्या संस्थांचे लोक उडतात. आकाशात रेघा मारलेल्या नसतात, तरी रीत ठरलेली आहे: डोंगराच्या धारेवर समोरासमोर आले तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर असेल त्याला वाट द्यायची, कारण त्याला उजवीकडे सरकायला जागाच नसते. वर चढणाऱ्या गरम हवेत पहिला ज्या दिशेनं फिरत असेल, त्याच दिशेनं मागाहून येणाऱ्यानं फिरायचं. कोण कुठल्या संस्थेचा, हे तिथे कुणी विचारत नाही. अमेरिकेत ऑशकॉशला दर उन्हाळ्यात हौशी वैमानिकांचा मेळा भरतो. हजारो विमानं येतात आणि त्यांना जागा दाखवण्यापासून कचरा उचलण्यापर्यंतची कामं हजारो स्वयंसेवक करतात. आपल्याला तेवढं मोठं काही करायचं नाहीये. चऱ्होली, दिघी, मोशी, चाकण आणि आळंदी, एवढ्यांतल्या पाचसहा शाळा पुरेत.

मी डोळ्यांपुढे आणतो ते असं. एका शाळेचं मैदान, दुसरीचा हॉल (वारा असला तर हॉलच बरा), तिसरीतले एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग केलेले एखादे सर. प्रत्येक मुलानं एकदा उडवायचं आणि तीनदा खाली काम करायचं: रेषा सांभाळणं, पडलेलं विमान आणून देणं, लाल कापड धरणं. गट करताना एका शाळेची दोन मुलं एका गटात ठेवायची नाहीत. आणि लोहगावचा हवाई तळ इतक्या जवळ असल्यामुळे ड्रोन, रिमोटची विमानं यांचा विचारही नको. त्याचे सरकारी नियम आहेत. हातानं आणि रबरानं सोडायचीच फक्त.

“पोरं उगीच थांबा-थांबा करत बसतील,” असं आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी म्हटलं. खरं आहे. मागच्या महिन्यात वर्गापुरता प्रयोग केला, तेव्हा तासाभरात अकरा वेळा लाल कापड वर झालं. त्यातलं एकदा कुत्रं आलं होतं, एकदा एक मुलगा चप्पल शोधायला रेषेपुढे गेला होता, बाकी नऊ वेळा निव्वळ गंमत. वैताग आला. पण त्या मुलीकडे कापड होतं, तेव्हा ते दोनदाच वर झालं. कुत्र्याच्या वेळी आणि चपलेच्या वेळी.

दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवारी सकाळी जमायचा विचार आहे. बालसा आणि रबर आम्ही आणू. ज्यांच्याकडे मोठं मैदान आहे त्यांनी कळवा, आणि बक्षीस द्यायला कुणाला बोलवायचं, हे विचारू नका.