निरोपाची वाट खुली राहू द्या

४ ऑक्टोबर २०२१. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सॲप बंद पडलं. त्याबरोबरच फेसबुक, इन्स्टाग्रामही. देखभालीच्या कामात या तिन्हींच्या मालक कंपनीच्या हातून चूक झाली, तिच्या नेटवर्ककडे जाणारे रस्तेच इंटरनेटवरून पुसले गेले आणि जवळजवळ सहा तास जगभरातल्या अब्जावधी माणसांचे निरोप अडकून राहिले. त्या सहा तासांत ईमेल मात्र चालू होतं. एखादी कंपनी कोसळली म्हणून ईमेल बंद पडत नाही, कारण ते कुणा एकाच्या ताब्यात नाही.

ते कुणाच्या ताब्यात का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी ईमेलचे नियम एका दस्तऐवजात लिहून सर्वांसाठी खुले केले. त्यात पुढे भर पडली, पण गाभा तोच राहिला. एक सर्व्हर दुसऱ्याशी जोडला जातो, ‘हेलो’ म्हणून आपलं नाव सांगतो. मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता देतो, ‘आरसीपीटी टू’ म्हणून घेणाऱ्याचा. समोरचा दरवेळी ‘२५०’ हा आकडा पाठवतो, म्हणजे ठीक आहे, पुढे बोल. ‘डेटा’ म्हटलं की मजकूर सुरू होतो, आणि ओळीवर एकटं टिंब आलं की पत्र संपलं. हे सगळं माणसाला वाचता येतं, कुठल्याही पदवीच्या विद्यार्थ्याला एका दुपारी करून बघता येतं. परवाना लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. म्हणूनच २०१२ मध्ये इंग्रजीपलीकडच्या लिप्यांतल्या पत्त्यांचे नियम ठरू शकले, २०१४ मध्ये पत्त्याच्या शेवटी ‘.भारत’ लावण्याची सोय आली आणि देवनागरीत ईमेलचा पत्ता घेणं शक्य झालं. बंद ॲपमध्ये आपल्या लिपीला जागा द्यायची की नाही, हे मालक ठरवतो.

चॅटसाठीही नियमांचा असाच खुला संच, म्हणजे प्रोटोकॉल, आहे. १९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी ‘जॅबर’ लोकांसमोर आणलं, तेच पुढे एक्सएमपीपी झालं आणि २००४ मध्ये त्याला इंटरनेटच्या मानकांत स्थान मिळालं. गूगल टॉकने २००६ मध्ये बाहेरच्या सर्व्हरांसाठी दार उघडलं होतं. तेव्हा वाटलं होतं की चॅटचंही आता ईमेलसारखंच होणार. २०१३ मध्ये गूगलचंच हँगआउट्स आलं आणि ते दार बंद होत गेलं. व्हॉट्सॲपची उभारणीसुद्धा एक्सएमपीपीच्या सॉफ्टवेअरवरच झाली होती, पण दुसऱ्या सर्व्हरशी बोलण्याची सोय वगळली. लोकांनी खुलं काही उभारायचं आणि कंपनीने त्याभोवती कुंपण घालायचं, हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ते निमूट सोसायचं कारण मला दिसत नाही. एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोन लागतो, मग एका ॲपवरचा निरोप दुसऱ्या ॲपवर का जाऊ नये? युरोपीय संघाने हाच प्रश्न कायद्यात घातला आणि मार्च २०२४ पासून मोठ्या मेसेंजरांवर तशी सोय देण्याचं बंधन आलं. आपल्याकडे तसं बंधन नाही.

यावर बरेच तरुण मित्र तावातावाने म्हणतात, ब्लॉकचेन, म्हणजे हजारो संगणकांवर वाटून ठेवलेली सामाईक नोंदवही, आणा, मालकच उरणार नाही. त्यांची तळमळ खरी आहे, आणि २०११ चं नेमकॉइन किंवा नंतरचं इथेरियम नेम सर्व्हिस यांनी ‘नावाची नोंद कुणी ठेवायची’ या प्रश्नावर गंभीर काम केलं आहे. पण गप्पांचा निरोप आणि कायमची नोंद या वेगळ्या गोष्टी आहेत. बिटकॉइनच्या ब्लॉकचेनमध्ये नोंदींचा नवा गठ्ठा साधारण दहा मिनिटांनी जोडला जातो आणि सेकंदाला जेमतेम सात व्यवहार बसतात. शिवाय तिथे लिहिलेलं खोडता येत नाही. आईला पाठवलेला निरोप हजारो संगणकांवर कायमचा कशाला हवा?

आणि मालक उरणारच नाही, याचीही खात्री नाही. स्टीम हे ब्लॉकचेनवरचं लेखनाचं व्यासपीठ. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे जस्टिन सन यांनी त्यामागची कंपनी विकत घेतली. तिथे ज्याच्याकडे जास्त डिजिटल नाणी, त्याच्या मताला जास्त वजन. मार्चमध्ये काही मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजनी ग्राहकांनी ठेवलेली नाणी मतदानात वापरली आणि व्यासपीठाचा ताबा फिरला. शेवटी लेखक-वाचकांना ‘हाइव्ह’ नावाची वेगळी साखळी काढून बाहेर पडावं लागलं. त्यांना बाहेर पडता आलं ते सॉफ्टवेअर खुलं होतं म्हणून. तेव्हा नव्या साखळीची वाट बघत बसण्यापेक्षा हातात असलेलं खुलं टिकवू या.

कारण तेही आता आक्रसत चाललं आहे. ईमेलचा मोठा भाग मोजक्या कंपन्यांकडे गेला आहे, आणि छोट्या संस्थेने स्वतःचा सर्व्हर नीट चालवला तरी तिची पत्रं स्पॅममध्ये पडण्याची भीती असते. वापरणारे कमी झाले की ही वाट आपोआप बंद होईल, कुणी मोडायची गरजच पडणार नाही.

आपण एकत्र आलो की काय होतं, हे याच देशाने पाहिलं आहे. एप्रिल २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना समान वागणूक मिळावी यासाठी, दहा लाखांहून अधिक नागरिकांनी दूरसंचार नियामक ट्रायला पत्रं पाठवली, ती ईमेलनेच. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने डेटाच्या भेदभावी दरांवर बंदी घातली.

म्हणून मागणं आहे. अँड्रॉइड फोनमध्ये कॉन्व्हर्सेशन्स, आयफोन असेल तर मोनल, हे एक्सएमपीपीचं ॲप घ्या आणि निदान घरच्यांशी तिथे बोला. भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांनी ‘प्रव’ ही एक्सएमपीपी सेवा सहकारी तत्त्वावर चालवण्याचा संकल्प केला आहे. साखर आणि दूध ज्या महाराष्ट्राने सहकारातून उभं केलं, त्याने इथे मागे राहू नये. अभियांत्रिकी महाविद्यालयांनो, मुलांना सर्व्हर चालवू द्या, पडू द्या, पुन्हा उभा करू द्या. मराठी नियतकालिकांनो, संकेतस्थळावरची आरएसएस फीड, म्हणजे नवं लेखन वाचकापर्यंत आपोआप पोहोचवणारी खुली सोय, काढू नका, नसेल तर सुरू करा. महापालिकांनो, पाणीकपातीची सूचना एका कंपनीच्या ॲपपुरती ठेवू नका.

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या असतात. विषयपत्रिकेत एवढा एक ठराव घालाच: संस्थेच्या स्वतःच्या नावाचा डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घेणे, आणि यापुढे प्रत्येक सूचना त्या पत्त्यावरून प्रत्येक सभासदाला ईमेलने पाठवणे. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदक शेजारी मिळेल.