औषध पाजताना मन औषधावरच असू द्या

सकाळी सहाला नळ येतो. हंडे भरायचे, डबे करायचे, मुलांना शाळेत धाडायचे, त्यातच मोबाईल वाजतो. अशाच एका सकाळी आमच्या वस्तीतल्या एका आईने तापलेल्या लेकराला औषध पाजले आणि ती नळावर धावली. आजीला ते ठाऊक नव्हते. तिनेही मायेने पुन्हा पाजले. आम्ही बाळाला लगेच दवाखान्यात नेले. ते सुखरूप घरी आले. पण आई एकच विचारत होती, "ताई, माझं लक्ष कुठं होतं?"

तिचे लक्ष पाच ठिकाणी होते, कारण पाच कामे तिच्या एकटीवर होती.

मन जाग्यावर ठेवणे म्हणजे डोळे मिटून बसणे, आणि ते रिकाम्या माणसाचे काम, असे पुष्कळांना वाटते. आम्हाला ते पटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आहे. त्या मार्गाचे सातवे अंग म्हणजे सम्यक स्मृती. सतिपट्ठान सुत्तात तर चालणे, बसणे, खाणे, पिणेसुद्धा जाग्या मनाने करायला सांगितले आहे. म्हणजे ही शिकवण जशी विहारासाठी, तशीच चुलीपाशी आणि पाळण्यापाशीही.

नर्सिंगच्या शिक्षणात आम्हाला हेच वेगळ्या शब्दांत शिकवले. औषधाचे लेबल तीनदा वाचा: कपाटातून काढताना, मापताना आणि परत ठेवताना. रुग्ण तोच ना? औषध, मात्रा, वेळ आणि देण्याची पद्धत बरोबर ना? वॉर्डात कितीही गोंधळ असो, तेवढा वेळ मन दुसरीकडे न्यायचे नाही.

घरातही हे जमते. औषध हातात घेतले की मोबाईल बाजूला, टीव्ही बंद. दोनच मिनिटे. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचेही मिळते आणि २५० चेही. थेंबांचे औषध तर त्याहून तीव्र असते. म्हणून लेबल वाचा. वाचता येत नसेल तर शिकलेल्या लेकीकडून वाचून घ्या. घरचा चमचा नको, बाटलीसोबतचे माप वापरा. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असते, तेव्हा दोन औषधे एकत्र देण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषध एकानेच द्यावे आणि दिलेली वेळ कॅलेंडरवर लिहावी. चुकून दोनदा गेलेच, तर मूल बरे दिसते म्हणून थांबू नका. उलटी करवू नका. बाटली घेऊन लगेच दवाखाना गाठा. पॅरासिटामॉल जास्त झाले तर यकृताला इजा होते आणि ती सुरुवातीला दिसत नाही.

मात्र "बाई, लक्ष दे" एवढे सांगून घरातली बाकीची माणसे मोकळी होत नाहीत. पाच कामांत अडकलेल्या बाईला उपदेश नको, हात हवा. ती लेकराला औषध पाजते आहे ना? मग दादा, तेवढा वेळ नळावरच्या रांगेत तुम्ही उभे राहा. समतेची सुरुवात आपल्या घरातल्या हंड्यापासूनही होते.

जय भीम!